विशेष भौतिकशास्त्राचा आठवा विद्यार्थी

माझं वय बावन्न आहे, वाचायला एक आणि लांबचं बघायला एक असे मला दोन चष्मे आहेत, आणि सध्या मी आठवड्यातून चार दिवस सकाळी सव्वासातला शाळेत जातो. कुणाला पोहोचवायला नव्हे, बसायला. शेवटच्या वर्षाच्या विशेष भौतिकशास्त्राच्या वर्गात तिसऱ्या बाकावर माझी जागा आहे. हजेरीपटावर माझा क्रमांक आठ. गुडघे बाकाखाली मावत नाहीत म्हणून मी तिरका बसतो, तिरका बसल्यामुळे फळा दिसत नाही, आणि फळा दिसत नाही हे सरांच्या लक्षात आलं की ते मला पुढे बोलावून सगळ्यांसमोर गणित करायला लावतात. हे सगळं एका कागदापायी झालं.

कागद अगदी साधा होता. शाळेच्या शेवटच्या वर्षी कोणते सहा विषय घेणार, त्याचे सहा रकाने, आणि खाली पालकाची सही. आमच्या एकुलत्या एका कन्येने सैनिकी अकादमीत जायचं ठरवलं होतं. तिने का ठरवलं, कधी ठरवलं, आम्हाला विचारून ठरवलं का, या तीन प्रश्नांची उत्तरं मला आजही माहीत नाहीत. तर अकादमीच्या माहितीपुस्तिकेत काय हवं ते छापलेलं होतं. तिने ती पुस्तिका वाचली, आणि जेवणाच्या टेबलाशी उभ्या उभ्या दोन मिनिटांत सहाही रकाने भरून कागद माझ्यापुढे सरकवला. विशेष गणित, विशेष भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भाषा, इतिहास, शारीरिक शिक्षण.

"बाबा, इथे सही."

आता मी कोण, हे सांगायला हवं. मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या अर्ज छाननी विभागात सत्तावीस वर्षं काढली आहेत. माझ्यासमोर कुणी उभ्याने भरलेला अर्ज ठेवला की माझा हात आधी लाल पेनाकडे जातो. अर्ज कसा बसून भरायचा असतो, आधी पेन्सिलीने, मग शाईने. नळाच्या जोडणीचे अर्ज लोक आठ आठ दिवस भरतात आणि तरी मी ते परत पाठवतो. इथे तर माझ्या मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता. मी म्हणालो, "असू दे इथे. मी जरा नजर टाकतो."

"बाबा, नजर टाकण्यासारखं काही नाहीये त्यात. पुस्तिकेत लिहिलंय तेच भरलंय."

"पुस्तिका वाचायची पण एक पद्धत असते," मी म्हणालो. हे वाक्य मी बोलायला नको होतं.

पुढचे सहा दिवस तो कागद माझ्याकडे होता. पुस्तिका चौसष्ट पानी होती. तिच्यात 'आवश्यक', 'अपेक्षित' आणि 'उपयुक्त' अशा तीन पायऱ्या होत्या, आणि बारीक अक्षरात असंही होतं की उमेदवाराने शेवटच्या वर्षी आराम करू नये, अवघड विषय टाळलेले आढळल्यास त्याची नोंद घेतली जाईल. विशेष भौतिकशास्त्र 'आवश्यक' मध्ये होतं. त्याला अपवाद नाही, असं वेगळ्या ओळीत लिहिलेलं. मी तीन रंगांत एक तुलनात्मक तक्ता तयार केला. तक्त्यातून निष्कर्ष निघाला तो कन्येने दोन मिनिटांत भरलेलाच, पण आता त्याला पाया होता.

बायकोचं मत वेगळं होतं. "सोपे विषय घ्यावेत, भरपूर गुण मिळवावेत. जास्त गुण दिसले की कुठलीही अकादमी खूश."

"त्यांनी लिहिलंय की आराम करू नये."

"ते लिहितातच हो. आपणही पाहुण्यांना लिहितो की सवडीने राहायला या."

मग वरच्या मजल्यावरचे कॅप्टन खाली आले. कॅप्टन लष्करात कधीच नव्हते. टपाल खात्याच्या टेबल टेनिस संघाचे ते अकरा वर्षं कॅप्टन होते, पण नाव पडलं ते पडलं, आणि तेव्हापासून इमारतीत कुणाकडेही लष्कराचा विषय निघाला की त्यांना बोलावतात. तेही नाही म्हणत नाहीत. त्यांनी माझा तक्ता हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "भूगोल कुठाय?"

"भूगोल नाहीये."

"अहो, लढाई म्हणजे दुसरं काय असतं? ते कुठे आहेत आणि आपण कुठे आहोत. संपलं. आणि माझं ऐकाल तर संगीत घ्यायला लावा."

"संगीत?"

"बँडमध्ये गेली की लढाईत पुढे पाठवत नाहीत."

त्या दिवसापासून बायको संगीताच्या बाजूची झाली. ती एरवी कॅप्टनना घरात चहाही विचारत नाही, त्या दिवशी दोनदा विचारला.

माझा तक्ता कॅप्टननी जिन्यात चारचौघांना सांगितला आणि इथून माझ्या अधोगतीला सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळमजल्यावरच्या औषधाच्या दुकानवाल्यांचा मुलगा आपला कागद घेऊन आला. त्याच्या मागोमाग शेजारच्या इमारतीतल्या शिवणकामवाल्या बाईंची मुलगी आली. काका, जरा बघता का. सत्तावीस वर्षांत माझ्याकडे कुणी आपणहून अर्ज तपासायला आणला नव्हता. लोक माझ्यापासून अर्ज लपवतात. मला फार बरं वाटलं हे कबूल करतो. मी वाचायचा चष्मा चढवला, एक एक कागद घेतला, मुलांना खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला आयुष्यात काय करायचंय?" मुलगा म्हणाला, अजून ठरलं नाही. मुलगी म्हणाली, तिचंही तसंच. "मग विशेष भौतिकशास्त्र कशाला घेताय?" मी विचारलं. "उगाच डोक्याला ताप. शेवटचं वर्ष आहे, एखादा आनंदाचा विषय घ्या." मुलाने भौतिकशास्त्र खोडून मातीकाम लिहिलं, मुलीने छायाचित्रण. दोघंही हलक्या पावलांनी गेले. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, फक्त माझ्या बाबतीत तव्यावर माझीच मुलगी होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला मी सही करून कागद शाळेत दिला. चौथ्या दिवशी सूचना फलकावर यादी लागली. विशेष भौतिकशास्त्र, विद्यार्थीसंख्या सात. आठपेक्षा कमी संख्या असल्याने वर्ग भरणार नाही. ज्या दुसऱ्या शाळेत तो विषय होता तिथले प्रवेश बंद होऊन आठवडा झाला होता. ते बंद होत होते तेव्हा मी तक्त्याला रंग देत होतो.

कन्या घरी आली ती धावायचे बूट घालूनच. रोज दोन वेळा पळते ती. "नऊ जण होते, बाबा," ती म्हणाली. "मी एकेकाला गाठून, विचारून ठेवले होते. आठचा नियम मला माहीत होता म्हणून एक जास्तीचाही धरला होता. मग दोघं गळाले कसे?"

मी पावाला लोणी लावत होतो. एका पावाला किती वेळ लोणी लावता येतं याला मर्यादा असते. शेवटी मी सांगितलं.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एक बूट काढला, तो हातात धरला, आणि दुसरा पायात तसाच ठेवून ती अर्धा तास खुर्चीवर बसून राहिली. आणि आता खरं सांगायचं तर, त्या अर्ध्या तासात माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात बरं वाटत होतं. सुंठीवाचून खोकला गेला, असं वाटत होतं. भौतिकशास्त्र नाही म्हणजे अकादमी नाही, अकादमी नाही म्हणजे ती घरी. मी काही मुद्दाम केलं नव्हतं, पण झालं ते वाईट झालं असं मला पूर्णपणे वाटेना. मग मी तिच्या हातातल्या बुटाकडे पाहिलं आणि मला माझी लाज वाटली.

बायकोने स्वयंपाकघरात नेऊन सोक्षमोक्ष लावला. "मलाही ती जायला नकोय. पण ती तिच्या परीक्षेत पडली तर पडू दे, तुमच्या शहाणपणामुळे नको. तुम्ही दोघांना खाली पाडलंत ना? आता एकाला तरी वर चढवा."

मी औषधाच्या दुकानात गेलो. दुकानवाल्यांनी काचेच्या कपाटावर ठेवलेला मातीचा एक गोळा मला दाखवला. "पेला केलाय त्याने. उन्हाळी वर्गात. पहिल्यांदाच काहीतरी पुरं केलंय पोराने, तुमचे उपकार आहेत." त्या पेल्यात पाणी टिकत नव्हतं, हे मी पाण्याच्या खात्यातला माणूस असल्यामुळे पाहताक्षणी ओळखलं, पण त्या बापाच्या तोंडावरचा आनंद पाहून माझी जीभ उचलेना. मी खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत आलो. शिवणकामवाल्या बाईंच्या मुलीकडे गेलो तर तिने माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, आणि मी हात जोडून उभा असताना माझा फोटो काढला. "काका, उजेड छान पडलाय, हलू नका." तो फोटो शाळेच्या प्रदर्शनात लागला. खाली लिहिलं होतं, 'विनंती'.

आठवा काही मिळेना. कॅप्टननी सुचवलं की त्यांच्या पुतण्याचं नाव घालू, तो परदेशात असतो, कुणाला कळणार आहे. एकूण त्यांची लष्कराची कल्पना काय असेल ते मला तेव्हा समजलं. शेवटी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेच्या कार्यालयात गेलो.

शाळेचं वेळापत्रक एका बाईंच्या ताब्यात असतं. त्यांच्या खोलीत भिंतभर एक लाकडी फळी आहे, तिला शेकडो खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एक रंगीत पत्र्याची चकती. प्रत्येक चकती म्हणजे एक वर्ग. त्या बाई फळीकडे पाठ करून बसतात आणि कुठला वर्ग कुठे आहे ते न बघता सांगतात. मी आत गेलो तेव्हा विशेष भौतिकशास्त्राची निळी चकती खिळ्यावरून उतरून त्यांच्या टेबलावर आली होती. त्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला होता.

"आठ म्हणजे आठ," बाई म्हणाल्या. "सात म्हणजे सात."

एरवी हे वाक्य माझं असतं. खिडकीच्या पलीकडच्या बाजूने ते पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ते किती चिडवणारं आहे हे मला सत्तावीस वर्षांनी समजलं. पण मीही कसलेला होतो. मी शाळेची नियमावली मागितली. ती त्यांनी मोठ्या नाखुशीने दिली, आणि मी तिथेच बाकावर बसून ती पहिल्यापासून वाचून काढली. नियम एकोणीस. 'परिसरातील कोणीही प्रौढ व्यक्ती, जागा शिल्लक असल्यास, कोणत्याही एका विषयासाठी नियमित विद्यार्थी म्हणून नाव नोंदवू शकेल.' मी बोट ठेवून तो बाईंना दाखवला. बाईंनी कप उचलला, एक घोट घेतला.

"हा नियम आजवर कुणी वापरला नाही," त्या म्हणाल्या.

"पण रद्द झालेला नाही."

"कुणाचं नाव घालायचंय?"

मला खरोखर तोवर सुचलं नव्हतं. मी बायकोचं नाव सांगणार होतो, पण ती समोर नव्हती आणि मला संध्याकाळी घरी जायचं होतं.

माझा अर्ज बाईंनी तीनदा परत केला. पहिल्यांदा शाई काळी हवी होती. दुसऱ्यांदा 'आधीची शाळा सोडल्याचं कारण' हा रकाना कोरा होता. मी लिहिलं, 'शिक्षण पूर्ण झाले'. त्यावर बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःलाच शंका आली. तिसऱ्यांदा त्यांनी शेवटच्या ओळीवर पेन्सिल टेकवली. आई किंवा वडील यांची संमती.

"अहो, मी बावन्न वर्षांचा आहे."

"नियमित विद्यार्थी म्हटलंय ना नियमात? नियमित विद्यार्थ्यांना संमती लागते."

म्हणून रविवारी मी धाकट्या भावाकडे गेलो. आई तिथे असते. एकोणऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण आपल्याला हवं ते नेमकं ऐकते. तिने कागद वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला. "भौतिकशास्त्रात तुला बेचाळीस होते," ती म्हणाली. "आता तरी नीट अभ्यास कर." मग पेन हातात घेऊन थांबली. "हे कशासाठी चाललंय?"

मी सांगितलं. पोरगी अकादमीत जायची म्हणतेय, तिच्यासाठी.

"लांब आहे?"

"रेल्वेने एक दिवस लागतो."

"तू नोकरीला लांब गेलास तेव्हा कुणी माझी सही मागितली नव्हती," आई म्हणाली आणि तिने सही केली. भावजयीने चहा आणला तेव्हा मी तो गरम असतानाच प्यायलो आणि जीभ भाजून घेतली.

निळी चकती खिळ्यावर परत गेली. कन्येला कळलं तेव्हा तिने आधी कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्ही? माझ्या वर्गात?" मग जरा वेळाने म्हणाली, "तिसऱ्या बाकावर बसा हं. पहिल्यावर नको." आमच्यात ठरलं की शाळेत ती मला ओळख दाखवणार नाही. हा करार तिने सबंध सहामाही पाळला आणि मी रोज मोडला.

भौतिकशास्त्राचे सर सत्तावीस वर्षांचे आहेत. मला काय म्हणावं हे त्यांना पहिल्या दिवशी कळेना. काका म्हणावं तर शिस्त जाते, नावाने हाक मारावी तर जीभ वळत नाही. शेवटी ते मला 'आठ' म्हणायला लागले. "आठ, प्रवेगाची व्याख्या सांगा." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सहज विचारलं की मी नोकरी कुठे करतो. मी सांगितलं. त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. "नवीन घराच्या नळजोडणीचा माझा अर्ज," ते म्हणाले, "तुमच्याकडून चार वेळा परत आलाय." त्यानंतर माझा गृहपाठ परत यायला लागला. उत्तरापुढे एकक लिहिलेलं नाही. आकृतीला नाव नाही. समास सोडलेला नाही. त्यात चूक अशी एकही काढता येण्यासारखी नव्हती, सगळे शेरे रास्त होते. मी चौथ्या दिवशी कार्यालयात जाऊन त्यांचा अर्ज शोधला, मंजूर केला आणि स्वतः नेऊन दिला. त्यांनी आभार मानले आणि माझा गृहपाठ पाचव्यांदा परत केला.

मुलं चांगली होती. आपापसांत ती मला 'आठवे' म्हणत. माझ्या शेजारचा मुलगा मला पेन्सिलीला टोक करून द्यायचा, कारण मी चाकूने करतो हे त्याला बघवत नसे. कार्यालयात मात्र माझी अब्रू पार गेली. साहेब मला रोज विचारायचे, आज काय शिकलात, आणि मला नेमकं काही आठवायचं नाही.

असं वर्ष निघून गेलं असतं. पण एका सोमवारी मुख्याध्यापिका बाईंनी मला आपल्या खोलीत बोलावलं. दाराबाहेर थांबून मी शर्ट नीट खोचून घेतला, बावन्नाव्या वर्षीसुद्धा. त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तुमच्या नोंदणीबद्दल वरून विचारणा झालीये. नुसता आकडा भरायला बसलेला विद्यार्थी आम्हाला पटावर ठेवता येणार नाही. सहामाहीत तुम्हाला पास व्हावं लागेल. पस्तीस गुण. नाही झालात तर नाव कमी होईल."

"आणि मग वर्ग?"

"सात म्हणजे सात," त्या म्हणाल्या. वर्ग बंद, विषय बंद, अकादमीच्या अर्जाला लागणारा दाखला बंद.

मग सुरू झाली माझी शिकवणी. रोज संध्याकाळी कन्या पळून आली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर. तिची शिकवण्याची पद्धत माझ्यासारखी नाही. ती चिडत नाही. मला विद्युतधारा कळेना तेव्हा ती म्हणाली, "बाबा, टाकी समजा. टाकी उंचावर असली की काय होतं?" "दाब वाढतो." "झालं. तोच दाब. आणि पाइप बारीक असला तर?" सत्तावीस वर्षं जे मी अर्जांत वाचत आलो ते तिने मला अर्ध्या तासात नव्याने सांगितलं. मला तिचं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी वाईटही. गेल्या चार वर्षांत ती माझ्याशी इतकं बोलली नव्हती. शाळा, पळणं, आपली खोली, आणि दार बंद. आता रोज एक तास माझ्यासमोर बसत होती, माझ्या वहीत डोकं घालून. आणि हे सगळं कशासाठी, तर तिला इथून जाता यावं म्हणून. मी पुष्कळदा समजलेलं गणित पुन्हा विचारलं. बायको ओट्याशी उभी राहून सगळं बघत असायची. एकदा म्हणाली, "इतका ढ माणूस मी केला?"

सहामाहीची परीक्षा अकरा वाजता होती. मी रजा टाकली होती. कॅप्टननी जिन्यात मला पाठ थोपटून सल्ला दिला, सोपे प्रश्न आधी. आयुष्यात त्यांनी दिलेला हा एकमेव बरोबर सल्ला. मी सोपे प्रश्न आधी सोडवले, आणि छाननीवाल्या माणसाप्रमाणे समासात पेन्सिलीने हिशेब मांडला. कितीही ओढूनताणून धरलं तरी तीसच्या पुढे जात नव्हतं. पाचवा प्रश्न राहिला होता, आठ गुणांचा. वीस मीटर उंचीच्या गच्चीवरून एक चेंडू सरळ समोर, सेकंदाला वीस मीटर वेगाने फेकला आहे. तो इमारतीपासून किती अंतरावर पडेल?

हे गणित आम्ही टेबलावर केलं होतं. तिने मला त्यासाठी लिंबू फेकून दाखवलं होतं. खाली पडायला दोन सेकंद, दोन सेकंदांत समोर चाळीस मीटर. उत्तर चाळीस मीटर. एककासकट लिहिलं. आणि मग पेन तसंच हातात धरून मी त्या उत्तराकडे बघत बसलो. हे आठ गुण मिळाले तर मी पास. नाही मिळाले तर वर्ग बंद. मी ढ आहे हे सगळ्यांना माहीत होतं, माझ्या आईलासुद्धा. कुणी मला दोष दिला नसता. कन्येनेही दिला नसता, ती म्हणाली असती, बाबांनी प्रयत्न केला. आणि ती घरी राहिली असती.

मी उत्तरावर एक आडवी रेघ मारली. आयुष्यात पहिल्यांदा मी बरोबर असलेली गोष्ट खोडली.

कन्या माझ्या पुढे, पहिल्या बाकावर बसली होती. तिचा पेपर लिहून झाला होता, ती पहिल्यापासून तपासत होती. परीक्षा सुरू होऊन अडीच तास झाले होते आणि तिने एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. आमचा करार होता म्हणून नव्हे. तिला बघायची गरजच वाटली नव्हती. तिच्या मानेवरून मला ते स्पष्ट कळत होतं. बाबांना हे गणित येतं, एवढंच तिला माहीत होतं. सरांनी शेवटची दहा मिनिटं राहिल्याचं सांगितलं. मी पान उलटलं आणि ते गणित पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिलं.

आठवड्याने पेपर मिळाले. घरी नेऊन पालकाची सही आणायची होती. माझ्या पेपरवर सदतीस होते. कन्येला एक्याण्णव होते, ते ती सांगायचीच विसरली आणि माझे सदतीस तिने घरात शिरताना जिन्यातच कॅप्टनना सांगितले. बायकोने माझ्या पेपरवर पालक म्हणून सही केली, वर बोट दाखवून म्हणाली, "अक्षर सुधारा." मग कन्या माझा पेपर घेऊन टेबलाशी बसली, कुठे गुण गेले ते बघायला. मी समोर बसलो. पाचव्या प्रश्नापाशी तिचं बोट थांबलं. तिने पान उलटलं, परत मागे आणलं.

"बाबा, हे बरोबर होतं."

"हं."

"अगदी हेच पुढच्या पानावर परत लिहिलंय. मग हे खोडलंत का?"

"शंका आली."

"कसली?"

मी टेबलावरचा दुसरा चष्मा पुसायला घेतला. तिने समासात पेन्सिलीने सदतीसमधून आठ वजा केले. एकोणतीस. त्या आकड्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली. हुशार मुलगी आहे.

"मी जाऊ नये असं वाटतं तुम्हाला?"

"हो," मी म्हणालो. "फार वाटतं."

"मग परत का लिहिलंत?"

"उत्तर चाळीसच येत होतं," मी म्हणालो.

खोडरबर घेऊन तिने समासातले एकोणतीस पुसले, चुरा फुंकून टाकला, आणि माझी वही ओढून नवं पान काढलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रोजचाच होता.

"वार्षिकलाही पास व्हायचंय तुम्हाला. अजून सहा धडे शिकवायचे राहिलेत माझे."

"सहाच?" मी विचारलं.